पणजीचा अभ्यास दौरा

साखर कारखान्याच्या संचालक मंडळात माझं नाव होतं, आणि कारखान्याचं ऑफिस मी आतून कधी पाहिलं नव्हतं. आमच्या भागात याचं कुणालाच नवल नव्हतं. बायांसाठी दोन जागा राखीव असतात. निवडणूक आली तसे आप्पाराव चेअरमन आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि सुंदररावांना म्हणाले, "या बारीला वहिनींचं नाव टाकू." चहा मी नेऊन दिला. मला कुणी काही विचारलं नाही. अर्जावर सही तेवढी माझी घेतली. निवडून आल्यावर माझ्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला, आणि पहिल्या मीटिंगपासून सुंदरराव जायला लागले. सुंदरराव म्हणजे माझे मालक. आता नाव घेते. तेव्हा घेत नव्हते.

ही गोष्ट दोन हजार तेराच्या होळीआधीची. आदल्या सालचा पाऊस आमच्याकडे नावाला पडून गेला होता. लिंबागणेशहून पाटोद्याकडं जाताना डाव्या हाताला आत आमचं खडकदरा लागतं. गावाच्या वर साठवण तलाव आहे. त्याच्या तळाला जे पाणी राहिलं होतं त्यावर आमचं गाव आणि आसपासच्या वाड्या तगून होत्या. टँकर तिथंच भरायचे. जनावरं छावणीत नेऊन बांधली होती. कारखान्याला ऊसच नव्हता, तर गाळप कशाचं करणार? सुरू झालं आणि धूर दिसतो न दिसतो तोच बंद पडलं.

अशा सालात कारखान्यानं अभ्यास दौरा काढला. कुठं, तर गोव्याला. कशाचा अभ्यास, तर दारूच्या भट्ट्यांचा. कारखान्याला जोडून डिस्टिलरी काढायची, मळीपासून दारू करायची, त्यासाठी म्हणे 'लघु आसवनी प्रकल्पांची पाहणी'. गोव्यात काजूची दारू काढतात. मळीचा आणि काजूचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. संचालकांनी सोबत घरच्यांना आणायचं, बायांना देवदर्शन आणि पणजी दाखवायची, असा बेत होता.

मी जायला तयार झाले कारण मी समुद्र पाहिला नव्हता. एवढंच. धाकट्या दिराला छावणीत बैलांपाशी बसवलं आणि निघाले.

दोन बसा होत्या. एक गड्यांची, एक बायांची. आमच्या बसमध्ये केशरबाई होती, चेअरमनची बायको. छबुबाई होती, उमापूरकडच्या एका संचालकाची बायको, लई बोलकी. आणि शेवटच्या सीटवर मनकर्णाबाई होती. ती कुणाची बायको म्हणून आलेली नव्हती. मागासवर्गीयांच्या जागेवर ती स्वतः निवडून आलेली संचालक होती. तिचा नवरा आश्रुबा वारला होता आणि लेक पुण्याला नोकरीला, म्हणून तिच्या जागी मीटिंगला जायला घरात पुरुष नव्हता. ती स्वतःच जायची. मी तिला ओळखत होते ते एवढंच. तिच्या शेजारची सीट रिकामी होती, कुणी बसलं नव्हतं. का बसलं नव्हतं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. कोल्हापूर मागं पडल्यावर मी उठून तिथं जाऊन बसले, ते पुढं पाय अवघडले म्हणून. काही मोठं मन वगैरे नव्हतं माझं.

पणजीच्या हॉटेलात उतरल्यावर पहिल्यांदा काय झालं असेल, तर छबुबाईनं गाठोडं सोडलं आणि त्यातून गोधड्या काढल्या.

"अगं बाई, हे काय?" केशरबाईनं विचारलं.

"दिवाळीपासून धुतल्या न्हाईत. हितं पाणी हाय की बक्कळ." तिनं न्हाणीत नळ सोडला आणि गोधड्या तुडवायला लागली. तिचं बघून बाकीच्यांनीही घरून आणलेलं धुणं काढलं. कुणाच्या चादरी, कुणाच्या उशांचे अभ्रे. घंट्याभरात हॉटेलच्या सगळ्या गॅलऱ्यांवर आमच्या गोधड्या लटकलेल्या. मॅनेजर धावत आला, ओरडला. छबुबाई त्याला म्हणाली, "दादा, काढायला सांगू नका, पाप लागंल तुम्हाला." तो गप खाली गेला. आम्ही हसलो. हसून झाल्यावर मला कसनुसं झालं. बक्कळ पाणी बघायला आम्ही एवढ्या लांब आलो होतो आणि ज्यांनी आणलं त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सकाळी हॉटेलच्या दारात सगळे जमले. कारखान्याच्या ऑफिसातला शहादेव हातात बिल्ले घेऊन उभा. संचालकांची नावं पुकारायची, बिल्ला द्यायचा, आणि त्यांनी पहिल्या बसमध्ये बसायचं, भट्टी बघायला. बाकीच्यांनी दुसऱ्या बसमध्ये, चर्च आणि देऊळ बघायला.

"सौभाग्यवती सत्यभामा सुंदरराव!" शहादेवनं पुकारलं.

माझं नाव इतक्या मोठ्यांदा मी लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. मी पदर सावरून पुढं झाले.

"हजर!" माझ्या मागून सुंदररावांनी हात वर केला.

त्यांनी बिल्ला घेतला आणि शर्टाच्या खिशावर लावला. त्यावर ठसठशीत अक्षरात माझं नाव, खाली 'संचालक'. कुणी हसलं नाही. निदान कुणी हसायला तरी पाहिजे होतं! मिशीवाला गडी छातीवर सत्यभामा लावून बसमध्ये चढला, आणि तीसेक माणसांत एकालाही ते वंगाळ दिसलं नाही. मी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं.

मग मनकर्णाबाईचं नाव आलं. ती पुढं गेली. बिल्ला घेतला, लावला आणि पहिल्या बसकडं निघाली. आप्पाराव दारातच उभे होते.

"बाई, तिकडं नको तुमी. भट्टी हाय ती. गडीमाणसं असत्यात, दारूचा वास. बायांच्या बसमधी बसा, देव बघा."

"माझं नाव पुकारलं की."

"पुकारलं, मान दिला. आता बसा तिकडं."

ती वळली. मग आमच्या बसमध्ये येऊन मागं बसली. बिल्ला काढला नाही. मी तिच्या शेजारी बसले. या वेळी पाय अवघडले नव्हते.

जुन्या गोव्याचं चर्च मोठं देखणं. आत गारवा, वर सोन्याचा मुलामा, कुठंतरी उंचावर त्यांच्या संतांची पेटी. केशरबाई म्हणाली, "केवढं सोनं गं!" छबुबाईनं बाहेर येऊन भिंतीला हात लावून नमस्कार केला. बाया फोटो काढायला लागल्या. मी आणि मनकर्णाबाई बाहेर हिरवळीवर बसलो.

"सत्यभामाताई, एक विचारू का?" ती म्हणाली. "तुमी स्वतःच्याच गावचं पाणी कावून देऊन टाकलं?"

"कुणाचं पाणी?"

"तुमच्या वरल्या तळ्याचं. डिस्टिलरीला तळ्यातून पाइपलाइन टाकायची. गेल्या मीटिंगला ठराव झाला. तुमच्याच नावानं मांडलाय."

मला कळेना. "माझ्या नावानं? मी तर मीटिंगला येतच न्हाई."

"तुमचे मालक येत्यात ना. आप्पारावांनी इचारलं, कोण मांडतंय? त्यांनी हात वर केला. लिहिणाऱ्यानं लिहिलं, सूचक सत्यभामा सुंदरराव. खाली सही झाली."

"आन तुमी? तुमी काय म्हणलात?"

"मी उठून उभी ऱ्हायले. म्हणले, लोकं टँकरच्या मागं पळत्यात, तळं पिण्याला ठेवा. आप्पाराव म्हणले, बसा बाई, समजून सांगतो नंतर. आन लिहिलं काय? एकमतानं मंजूर." तिनं माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं तुमाला ठाऊक आसंल. कोल्हापूरपासून शेजारी बसलाव, आन एक सबुद न्हाई. म्हणलं, बाई लई पक्की दिसती."

 राग आधी तिच्यावरच आला. वाटलं, ही खोटं बोलते. मग सकाळचा तो वर गेलेला हात डोळ्यांसमोर आला. हजर! एवढ्या सहज जो हात वर जातो, तो तिथंही गेलाच असणार. त्या तळ्याचं पाणी मी खांद्यावर आणलेलं आहे. गावातल्या बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना मी त्यांच्यात उभी असते. आणि कागदावर मीच म्हणते आहे की हे पाणी दारूला द्या. गावाला हे कळलं तर तोंडात शेण घालतील. आणि का घालू नये?

बस मंगेशीला गेली. आमचं जेवण तिथंच होतं. मनकर्णाबाई देवळात आली नाही, बाहेर सावलीला थांबली. मी आत गेले, हात जोडले, पण देवाचं तोंड काही दिसलं नाही मला. बाहेर आले तर ती फुलवालीपाशी उभी.

"भट्टी हितून जवळच हाय म्हणती ही. रिक्षा जाती."

"चला," मी म्हणाले.

केशरबाईनं पाहिलं. "कुठं निघालीस गं? जेवण वाढतायत."

"मालकांकडं."

"अगं, तिथं बायांचं काय काम?"

मी हात दाखवून रिक्षा थांबवली. रिक्षात बसलो.

भट्टी म्हणजे काजूच्या उतारावर एक कौलारू शेड होती. दारात पिकल्या काजूबोंडांचा ढीग, त्यावर माशा, सगळीकडं आंबूस गोड वास. आत चुलाणावर तांब्याचं मोठं भांडं, त्यातून निघालेली नळी एका सिमेंटच्या टाकीतून फिरवलेली. भट्टीचा मालक अग्नेल म्हणून म्हातारा, अर्ध्या चड्डीत. त्यानं आम्हाला बघून हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"तुमी सायबांच्या बरोबरचे?"

"आमी संचालक हाव," मनकर्णाबाईनं बिल्ला दाखवला. "दोघी बी."

"मग त्यांनी सांगितलं बायल्यो येत नाहीत!" तो म्हणाला. "या या. ते सगळे पलीकडे बसलेत, फणसाच्या खाली."

पलीकडून गड्यांचं हसणं ऐकू येत होतं. पण माझी नजर त्या टाकीवर होती. एका पाइपातून विहिरीचं पाणी टाकीत पडत होतं आणि दुसऱ्या अंगानं बाहेर वाहत होतं, पाटानं खाली सुपारीच्या बागेत. सारखं. कुणी बंद करत नव्हतं.

"हे पाणी थांबवलं तर?" मी विचारलं.

"तर वाफच राहील, दारू व्हायची नाही. नळी गार लागते." मग माझ्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "तुमच्याकडं पाणी नाही म्हणे? तुमच्या चेअरमननी सांगितलं, ते मोठा प्लांट घालणार. मी विचारलं, पाणी कुठलं? ते म्हणाले, आहे एक तळं." त्यानं खांदे उडवले. "आमचं हे चार महिन्यांचं काम, बाय. नंतर आमच्याकडं पाऊस इतका की शेडात पाणी येतं. म्हणून आमी करतो."

फणसाखाली खाटा आणि खुर्च्या टाकल्या होत्या. पुढ्यात ग्लास, तळलेले मासे, चिरलेले कांदे. आप्पाराव उभे राहून बोलत होते. बोलणं ऐकून मी झाडाआडच थांबले.

"...आणि आपल्या सत्यभामाताईंनी," त्यांनी सुंदररावांच्या छातीवरच्या बिल्ल्याकडं बोट केलं, तसे सगळे हसले. आता हसले! "आपल्या ताईंनी गावचं तळं कारखान्याला देऊन जो त्याग केलाय, त्याबद्दल ताईंच्या नावानं एकेक होऊन जाऊ द्या!"

ग्लास वर गेले. सुंदररावांनीही उचलला. लाजून हसत होते, नव्या नवरीसारखे.

मी पुढं गेले. चपला पालापाचोळ्यावर वाजल्या, तसे एकेक गप झाले. सुंदररावांनी ग्लास खाली ठेवला, पण कुठं ठेवावा ते सुचेना म्हणून खुर्चीखाली ठेवला.

"तू हिकडं कशी?"

मी त्यांच्या छातीवरचा बिल्ला काढला. पिन अडकली होती, शर्ट जरा फाटला. तो माझ्या पदराला लावला. 

"आप्पारावदादा," मी म्हणाले, "सत्यभामा मी हाय. त्याग मी केलेला न्हाई. तळ्याचा ठराव मी मांडलेला न्हाई आन सही माझी न्हाई."

आप्पाराव हसले. निवडणुकीच्या वेळी ओसरीवर हसले होते तसेच. "वहिनी, बसा. पाणी घ्या. हा विषय हितला न्हाई."

"मग कुठला? मीटिंगमधी तुमी आमच्या मालकाला बसवता. गावात आमाला सांगत न्हाई. हितंच माझ्या नावानं ग्लास वर करताव, तर हितंच बोलते."

"आवं, कारखाना जगला पायजे का न्हाई?" त्यांचा आवाज चढला. "ऊस न्हाई, गाळप न्हाई. उद्या कुलूप लागलं तर कामगार तुमच्या दारात येतील का माझ्या? चार पोरांना काम मिळंल डिस्टिलरीत. तुमच्याच गावची घेऊ."

"पोरं प्यायची काय? दारू?"

कुणीतरी मागून म्हणालं, "सुंदरराव, घरचं घरी मिटवा की." सुंदरराव उठले. माझा हात धरला. "चल. घरचं घरी बोलू."

"हे घरचं न्हाई," मी हात सोडवला. "घरचं असतं तर मी तुमाला एवढ्या लोकांत बोलले नसते. कावून मांडलं तुमी?"

त्यांनी खाली बघितलं. मग हळू म्हणाले, "सगळ्यांपुढं आप्पाराव म्हणले, तुझ्या गावचं तळं, तूच मांड. सगळे बघत होते. न्हाई कसं म्हणायचं?"

एवढंच. ना काही घेतलं होतं, ना कुणी काही द्यायचं कबूल केलं होतं. सगळे बघत होते, म्हणून माझ्या माणसानं गावाचं पाणी देऊन टाकलं. काही घेतलं असतं तर मला एवढा संताप आला नसता असं वाटतं कधी कधी.

मनकर्णाबाई पुढं झाली. "ठरावाला माझा इरोध होता. तो बी लिहून घ्या. एकमत म्हणून कसं लिहिलं?"

तिला मात्र आप्पारावांनी हसून दाखवलं नाही. "तुम्हाला जागा दिली ती नीट सांभाळा, बाई. जास्त बोलू नका."

"दिली न्हाई कुणी. मतं घेऊन आले."

"कुणाची मतं ते मला ठाऊक हाय."

"मग मतदारांनाच इचारा," ती म्हणाली आणि तिथली एक रिकामी खुर्ची ओढून बसली. मीही एक ओढली. आम्ही उठत नाही म्हटल्यावर गडी उठायला लागले. मासे तसेच राहिले. अग्नेल लांबून बघत होता. जाताना तो मला म्हणाला, "बाय, रागावू नको, मी ह्यांना बोलावलं नव्हतं. पैसे भरून आलेले."

मी समुद्र पाहिला नाही. दौरा एक दिवस आधी आवरला. परतीच्या बसमध्ये बायांचं तोंड माझ्याकडून फिरलेलं. छबुबाईच्या गोधड्या अर्ध्या ओल्याच गुंडाळून आणाव्या लागल्या, बसभर त्यांचा वास. ती रागानं म्हणाली, "एवढ्या लांब आलो आन दर्या न्हाई बघायला मिळाला. तुला काय, घरी भांडली असतीस."  केशरबाई पार बीड आल्यावर उतरताना म्हणाली, "आता आमाला बी कुठं नेणार न्हाईत."

मलाही वाईट वाटलं. पण कशाचं वाईट वाटायचं ते त्यांनी उलटं धरलं होतं, याचा राग जास्त होता.

घरी आल्यावर सुंदरराव माझ्याशी बोलेनात. बीडला सहकार खात्याच्या ऑफिसात मी लेखी देणार म्हणाले, तसे ते एकदम बोलले.

"सही तुझी न्हाई म्हणलीस तर मग कुणाची? माझी. मला जेलात घालतीस का?"

हे मी आधीच विचारात घेतलं होतं. तीन पोरांचा बाप, पंचवीस वर्षांचा संसार. माणूस वाईट नव्हता. माझ्या आजारपणात दवाखान्यात खाटेखाली झोपलेला माणूस. पण ज्या माणसानं माझी काळजी घेतली त्यानंच मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं, आणि दोन्ही खरं होतं. मला एकाचं वजन दुसऱ्यात घालता येईना. शेवटी मी बीडला गेले नाही. खात्याला काही कळवलं नाही. मी वाट बघितली एक मेच्या ग्रामसभेची. पाइपलाइनला गावाची संमती लागणार होती, आणि तो विषय त्या दिवशी येणार होता.

शाळेच्या पटांगणात ऊन मावेना. आप्पाराव जातीनं आले होते. ग्रामसभेला बाया येत नाहीत आमच्याकडे, पण मी आदल्या आठवड्यात टँकरपाशी रांगेत रोज बोलत होते. त्या दिवशी रिकाम्या घागरी घेऊन बाया आल्या आणि सावलीतली जागा धरून बसल्या. सरपंचानं विषय वाचला. संचालिका सत्यभामाताईंनी स्वतः हा ठराव मांडलेला असल्यानं गावानं मान्यता द्यावी, असं वाचलं.

मी उठले. 

"मी असा ठराव मांडलेला न्हाई. मी मीटिंगलाच गेलेली न्हाई. तळं आपल्याला पिण्याला लागतं."

गलका झाला. आप्पाराव म्हणाले, "मग सही कुणाची? कागद खोटा हाय का?" त्यांचा डोळा सुंदररावांवर होता. त्यांना वाटलं, आता हा गडी बायकोला खाली बसवील.

सुंदरराव भिंतीला टेकून उभे होते.  या वेळीही सगळे बघत होते. मग ते म्हणाले, "सही मी केली. तिला न इचारता केली. चुकलं." आणि पटांगणातून बाहेर निघून गेले. मला त्यांचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. हे मीटिंगमध्येच म्हणायला काय झालं होतं, असंच वाटलं.

संमती मिळाली नाही. बाया विरोधात हात वर करून बसल्या ते सरपंचानं विषय सोडेपर्यंत. आप्पाराव जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "वहिनी, पुढच्या निवडणुकीला भेटू." मी म्हणाले, "निवडणुकीआधी मीटिंगलाच भेटते."

गेले. बोर्डाच्या खोलीत मला खुर्ची नव्हती. शहादेव म्हणाला, "ताई, साहेब आले न्हाईत का?" साहेब म्हणजे सुंदरराव. मी म्हणाले, "संचालक आल्यात." मनकर्णाबाईनं शेजारची खुर्ची सरकवली. पहिल्या मीटिंगला मला निम्मं काही समजलं नाही. सुंदररावांनाही कधी समजलं नसेल, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मला मात्र दर खेपेला विचारतात, "समजलं का वहिनी?"

पाऊस त्या सालात बरा झाला. गावात आमच्या घराकडं लोक कौतुकानं बघत होते, आणि मी जरा निवांत झाले होते. श्रावणात मनकर्णाबाईचा फोन आला.

"ताई, आप्पारावांनी आता आमच्या बाजूचं तळं धरलंय. पिंपळवाडीचं. आमची वस्ती त्याच्यावरच हाय. सूचक म्हणून माझंच नाव घालणार म्हणत्यात, मी आज मीटिंगला आले न्हाई तर. आन जीपवाला म्हणतो, तिकडची गाडी आज बंद हाय."

"गाडी कशी काय बंद?"

"तुमीच समजून घ्या."

मी बाहेर आले. सुंदरराव अंगणात मोटारसायकल पुसत होते. मी म्हणाले, "अवो, मनकर्णाबाईला घ्यायला जायचंय. मीटिंग दुपारची हाय."

"तिला? ह्या गाडीवर?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडं बघून फडकं खाली ठेवलं. "चालवणार कोण? मी?"

"तुमी नका येऊ. तिचा भाचा आपल्याच गावात हाय, तो चालवतो. चावी द्या."

त्यांनी चावी दिली. माझ्या मनातला राग तेवढ्यानं गेला नाही. जायचं कारणही नव्हतं. एक तळं वाचलं म्हणून ते लोक थांबले नव्हते, आणि त्यांच्या कागदावर आता दुसऱ्या बाईचं नाव बसवायची तयारी चालली होती. मी डब्यात दोन भाकरी बांधल्या, एक तिच्यासाठी, आणि भाच्याची वाट बघत रस्त्याला जाऊन उभी राहिले.